इनासचा पंजा

आधी ऐक तर, मध्ये बोलू नकोस. वसईकडच्या त्या चारशे वर्षांच्या चर्चला सणाआधी चुना लावतात ना, तो भिंत वाटून घेऊन. एकेका घराला एकेक तुकडा. काम संपलं की घरचा माणूस ओल्या चुन्यात पंजा उमटवतो. पुढच्या वर्षीचा चुना त्याच्यावर चढतो.

रेजीनाच्या तुकड्यावर तिच्या नवऱ्याचा, इनासचा पंजा होता. तो उमटवल्यावर महिन्याभरातच इनासची होडी समुद्रात गेली, ती आलीच नाही. यंदा रेजीनाने त्या पंजावर कुंचला फिरवू दिला नाही.

आणि नेमकं चुन्याच्या थरांखाली जुनं रंगकाम सापडलं! शेजारच्या तुकड्यातून देवदूताचा चेहरा निघाला. दुरुस्तीवाले म्हणाले, "पंख या पंजाखाली आहे. भिंतीत ओल शिरलीय. पावसाआधी चुना काढला नाही, तर रंग गेलाच समजा."

फादर म्हणाले, "बाय, तू म्हणशील तसं."

शेजारची फिलूमावशी फटकन बोलली, "अगं, हात नवऱ्याचा, पण भिंत देवाची!"

"तो हातही देवानेच नेला ना, मावशी?"

रेजीनाने त्या पंजावर आपला पंजा ठेवला, कितीतरी वेळ. मग खरवडायची पट्टी मागून घेतली. बोटांपासून सुरुवात केली, पडेल तो चुना पदरात झेलत गेली. खालून निळा पंख निघाला. लोक टाळ्या वाजवत होते, ती पदराला गाठ मारत होती.

खरं सांग, तू खरवडलं असतंस?