समोरच्या घरी येणारा खोका

या, जरा जवळ सरकून बसा, जळक्या मनाची एक गोष्ट सांगतो.

दर मंगळवारी समोरच्या निगडेवहिनींकडे नव्या कपड्यांनी भरलेला भलामोठा खोका यायचा आणि दाराच्या फटीतून पाहणाऱ्या हेमलताच्या पोटात दुखायचं. "अहो, असं जगायला पगार तरी किती लागतो?" ती नवऱ्याला टोचायची. तो बिचारा म्हणायचा, "आपल्यापेक्षा जास्त." अखेर त्यानं रविवारचं कीर्तन सोडून जादा काम धरलं, तरी बाईंचा जळफळाट थांबेना.

परवा खोका हेमलतासमोर जिन्यातच फाटला. पन्नासेक सदरे बाहेर पडले, एकालाही बटण नाही. निगडेवहिनी ओशाळल्या. "कारखान्याचे आहेत. घरी बटणं लावून देते. दोन पगार येतात, तरी भागत नाही. तुम्ही एकात कसं निभावता? हेवा वाटतो बाई तुमचा!"

हेमलताला आधी गुदगुल्या झाल्या, मग त्या गुदगुल्यांचीच लाज वाटली. खाली बसून सदरे गोळा करत ती म्हणाली, "अर्ध्यांची बटणं मी लावते."

मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा तिच्या नवऱ्याची आठवण ठेवा. त्याचा रविवार अजून जादा कामातून सुटलेला नाही.