दगडाचं घनफळ

“सर, प्रत्येक मापात थोडी चूक राहतेच, तर मोजायचं कशाला?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी बिनधास्त विचारलं.

सर हसले. “चूक किती, ते सांगता यावं म्हणून. दगड मोजपात्रात सोडा, पाणी किती चढतं बघा. पाच वेळा.”

त्या तिघी मैत्रिणींनी एकदाच मोजून तोच आकडा पाचदा लिहिला. मी पाचदा मोजलं; माझे पाचही आकडे एकमेकांपेक्षा थोडे वेगळे आले. “आमचंच लिही ना गं, शहाणे!” मी नाही लिहिलं. त्या पलीकडच्या टेबलावर गेल्या.

सरांनी फक्त माझ्या आकड्यांवर बरोबरची खूण केली. नाचावंसं वाटलं, पण टाळी द्यायला शेजारी कोणीच नव्हतं. नुसता ओला दगड!

घरी आईबाबांना म्हटलं, “मैत्रिणींबरोबर कॉमर्सला नाही जाणार मी. सायन्स घेणार.”

“चुकलं तर?” आईनं विचारलं.

“थोडं चुकेलच गं. पण ठरलंय. एकटी जाणार.”