पिवळं पाणी

सोमवार उजाडला आणि शेजारचा आर्वो पुन्हा लेम्पीच्या मेपलांच्या रानात शिरला. हातात तीच झाकणाची बादली.

लेम्पी सॉनाच्या भिंतीआडून बघत राहिली. मेलं म्हातारं, बहात्तराव्या वर्षी चोरपावलांनी चालतंय. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बुंध्याशी वाकला आणि पिवळं पाणी ओतलं. मग दुसऱ्या बुंध्याशी.

म्हणजे संशय खरा होता. गेल्या काही वर्षांत रानाची रयाच गेली होती. पाय रुतायचा तो पाचोळा नाहीसा झाला होता आणि खालची माती कॉफीच्या चोथ्यासारखी उघडी पडली होती. वसंतातली पांढरी फुलं दिसेनाशी झाली. थोरली झाडं अजून पाकासाठीचा गोड रस देत होती, पण त्यांच्या पायाशी एक रोप धड वाढत नव्हतं. नवरा, रेइनो, गेला त्याच वर्षी आर्वोने हे रान विकत मागितलं होतं, आणि ती नाही म्हणाली होती. तेव्हापासून त्याने आणलेला वेलचीचा पावही ती आधी कुत्र्याला घालून बघायची.

रान जगवायला तिने आपल्या परीने धडपड चालवली होती. आत्ताही तिच्या हातात डबा होता, शनिवारच्या मासेमारीतून उरलेल्या गांडुळांचा. रेइनो होता तेव्हापासूनची तिची रीत होती. रविवारी उरलेली गांडुळं मेपलाच्या बुंध्याशी सोडायची. मुका जीव जगतो, माती सुधारते. काल पावसाने राहून गेलं होतं. हल्ली तर ती दुकानातून मुद्दाम जास्त आणायची.

ती तरातरा निघाली.

"विष घालतोस होय रे? रेइनोचा मित्र म्हणवतोस ना स्वतःला?"

आर्वो दचकला. मग त्याने बादलीत बोट बुडवून चाटलं. "मोहरी आहे, कुटून पाण्यात कालवलेली. घे, चाख. कुत्रा नाही आणलास आज?"

लेम्पी वरमली, पण मागे हटली नाही. "माझ्या रानात मोहरी कशाला?"

"खाली बघ."

मोहरी झोंबून ओल्या मातीतून गांडुळं वर येत होती. आधी दोन, मग पाच, मग मोजता येईनात. आर्वो ती वेचून पिशवीत टाकू लागला.

"हिमयुगाच्या बर्फानंतर आपल्या रानात ही नव्हतीच कधी, लेम्पी. गळ टाकणाऱ्यांनी आणली. सगळा पाचोळा हीच फस्त करतात, मग रोपं रुजणार कशात? पूर्वी हिवाळा त्यांना आवर घालायचा. आता जमीन धड गोठत नाही, आणि यांचं फावतं."

लेम्पीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्याचं झाकण तिने अंगठ्याने गच्च दाबून धरलं.

"म्हणून रान मागत होतास?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

आर्वो पिशवीची गाठ मारत बसला. डब्याकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही.

"रेइनो गेल्यावर तू घराबाहेर पडायचीस ती गळ टाकायला नि ही गांडुळं सोडायला, तेवढ्यासाठीच. म्हटलं, रविवारी तू सोड, सोमवारी मी काढतो."