गोदाक्कांच्या कवळीचं माप

डॉक्टर हेबळ्यांनी गोदाक्कांच्या तोंडातून कवळीचं माप काढलं. मापाचा हा नवा लगदा हिरड्यांबरोबर ओठांची सवयही टिपायचा. जन्मभर सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य पडद्यावर यायचं आणि कवळी त्याच वाक्यावर बेतली जायची.

“बहुतेक आयांच्या मापात मुलाला मारलेली हाकच निघते,” हेबळे म्हणाले. आक्कांचा मुलगा मुकुंद हसत पुढे सरकला.

पडद्यावर आलं: ‘तुम्ही जेवा, माझं पोट भरलंय.’

मुकुंदाची नजर आईच्या काटकुळ्या मनगटावर गेली. “दुसरं एखादं वाक्य नाही का चालणार?” त्यानं हळूच विचारलं.

“कवळी निसटेल.”

आठवड्यानं कवळी बसवून हेबळे म्हणाले, “हं, आजी, म्हणा बघू.”

मुकुंदाकडे न बघता आक्का ते वाक्य म्हणाल्या. कवळी तसूभरही हलली नाही.