हरिकेन

माझ्या बहिणीला, हेमलताला, पाहायला पाहुणे आले होते. बाबा त्यांना हौसेनं सांगू लागले, "लढाईच्या काळात मी हरिकेन दुरुस्त करत होतो."

घरोघरी हरिकेन म्हणजे कंदील. कंदील दुरुस्त करणाऱ्याची मुलगी! माझी मान खाली गेली. मी घाईनं म्हणालो, "म्हणजे लालटेन हो. पण नंतर बाबा फॅक्टरीत पक्के झाले."

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो, लालटेनच," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी लढाईचं नावच काढलं नाही.

वीस वर्षांनी माझ्या मुलीनं, सुनेत्रानं, सदर बाजारातून जोडायचं प्लास्टिकचं विमान आणलं. खोक्यावर लिहिलं होतं : हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान.

बाबांनी विमानाच्या शेपटावरून बोट फिरवलं. "इथं कापड राहत होतं, बेटा. गोळ्यांनी फाटलं की मी शिवत होतो."

माझी मान पुन्हा खाली गेली. "बाबा, तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तू लालटेन म्हणून बसला होता ना," बाबा म्हणाले. "चार लोकांत पोराला खोटं काहून पाडू?"