ग-२१७

कारखान्याच्या दवाखान्यात निवृत्त फिटर मुरलीधरकाका औषधाच्या चिठ्ठीसाठी उभे होते, हातात पितळी बिल्ला: ‘ग-२१७’. नवे साहेब प्रोग्रामर विनतावर उखडले, “खिडकीवरच्या प्रोग्रामने पाठवलेला नंबर तुमचा प्रोग्राम न तपासता काहून घेऊन राहिला? अक्षर की आकडा, प्रकार ठरवा. फक्त आकडे!” “जुन्या कामगारांच्या नंबरात अक्षर आहे, सर. त्यांना औषध मिळणार नाही.” “नवा नंबर घ्यावा त्यांनी.” काकांनी बिल्ला खिडकीवर आपटला. “छत्तीस वर्षं हाच लावला, साहेब. बदलणार नाही.” विनताने तोच नंबर टाइप केला. “सर, तुम्ही बदलीवर आलात तेव्हा तुमचा प्रकार तरी कुठे कोणाला ठाऊक होता? घेतलंच ना आत?” चिठ्ठी निघाली. काकांनी ती साहेबांपुढे धरली. “चश्मा घरी, दीक्षितपुऱ्यालाच राहिला जी. जरा मोठ्यानं वाचा, भैया.” साहेबांनी घसा खाकरला. “ग, दोनशे सतरा.”