ठेक्यातला खोकला

डनिडन शहरातल्या घरी गॅरेजमध्ये फ्रेया तिचा पहिला अल्बम रेकॉर्ड करत होती. पहिल्याच गाण्यात शेजारच्या खोलीतून बाबांचा खोकला घुसला. चिडायचं सोडून ती उड्याच मारायला लागली. “बाबा, पुन्हा खोक ना, तस्साच!” लेकीसाठी बाबा पुन्हा खोकले. तिने तो खोकला सगळ्या गाण्यांत ठेक्यावर बसवला. लोकांना नेमका तोच आवडला. कार्यक्रमात अख्खा हॉल त्या जागेला एकदम खोकायचा आणि मागे उभे असलेले बाबा खूश व्हायचे.

आज एक्स-रे बराच वेळ पाहून डॉक्टरांनी विचारलं, “खोकला कधीपासून आहे?”

“परवापासून. दक्षिण ध्रुवाकडचं गार वारं बाधलं, दुसरं काय!” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी फ्रेयाकडे पाहिलं.

“पहिल्या गाण्यापासून,” ती म्हणाली.